जळकं ऑइल आणि जुना टाटा: चिरेखाणीतल्या एका हंगामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली. खाणीत साचलेलं पावसाचं पाणी उपसून झालं आणि चिरे काढायला सुरुवात झाली. खाण मालवण तालुक्यात, जांभ्याची. तळातली माती आणि तुकडे वर आणून टाकायला एक जुना टाटा १२१० ट्रक आहे. सहा सिलिंडर, टर्बो नाही, नोझलना दाबानं डिझेल देणारा मायकोचा इनलाइन पंप. गाडीचं पासिंग केव्हाच संपलंय, खाणीच्या गडग्याबाहेर ती जात नाही. या हंगामात तिच्या डिझेलमध्ये गाळलेलं जळकं ऑइल, म्हणजे मशीनमधून निघालेलं वापरलेलं तेल, मिसळून बघायचं ठरवलंय. जे होईल ते तारखेनिशी लिहीत जाईन. पुढे कुणी याच वाटेला गेला तर त्याचे पैसे आणि वेळ वाचावेत एवढाच हेतू.

कारणं दोन. डिझेल नव्वदीच्या वर आहे आणि खाणीच्या धंद्यात मोठा खर्च तोच. दुसरं कारण मला जास्त लागतं. जेसीबी, जनसेट, गाड्या मिळून प्रत्येक खाणीवर वर्षाला काही बॅरल जळकं ऑइल निघतं. थोडं भंगारवाला नेतो, थोडं सेंटरिंगच्या पत्र्यांना फासायला जातं, उरलेलं कडेला कुठेतरी ओतलं जातं. जांभ्यातून पाणी झिरपतं तसं तेलही झिरपतं. आमच्या खाणीच्या खालच्या अंगाला वाडीच्या विहिरी आहेत. त्या विहिरींचं पाणी लोक पितात.

कायद्याचं आधीच सांगतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि त्यात इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइल आणि हायड्रॉलिक ऑइलही धरलेलं आहे. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. म्हणजे आपलंच तेल आपल्याच गाडीत जाळायलाही या नियमांनी मोकळीक दिलेली नाही. मी हे खाणीच्या आत, एका गाडीवर, एका हंगामापुरतं करून बघतोय. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत कुणी हे करू नये.

हीच गाडी का, तेही लिहून ठेवतो. इनलाइन पंपाचा कॅमशाफ्ट वेगळ्या इंजिन ऑइलमध्ये फिरतो. दुसऱ्या प्रकारच्या, रोटरी पंपाला आतलं सगळं वंगण डिझेलमधूनच मिळतं, तिथे घाण तेल गेलं की पंपच जातो. कॉमन रेलच्या, म्हणजे खूप जास्त दाबाच्या नव्या पद्धतीच्या गाडीत तर हा विचारही नको. आणि बीएस-सिक्सच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीतला सायलेन्सरमधला फिल्टर तेलातल्या राखेनं चोंदून बसेल.

१७ नोव्हेंबर

तेल गोळा करायला लागलो. आमच्या जेसीबीचं आणि जनसेटचं होतंच. कसाल, ओरोसच्या हायवेवरच्या गॅरेजांतून काही कॅन आणले, लिटरला पस्तीस रुपयांनी. बंदरावरून बोटीच्या इंजिनाचं एक बॅरल आलं, ते फुकट मिळालं.

गॅरेजमधल्या बॅरलात सगळंच ओतलेलं असतं. इंजिन ऑइल, नव्वद नंबरचं गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कुलंट, पार्ट धुतलेलं पेट्रोल. पेट्रोलचा वास आला की तो कॅन परत केला, कारण हे तेल पुढे तापवायचं आहे आणि पेट्रोल असलेलं तेल तापवणं म्हणजे आगीला बोलावणं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्यात गंधक जास्त, म्हणून तेही नको. दोन गॅरेजवाल्यांना रिकामे कॅन देऊन ठेवले आणि सांगितलं, फक्त डिझेल गाडीचं इंजिन ऑइल यात ओता, दुसरं काही नको. हे त्यांनी मनापासून पाळलं आणि त्याचा फार उपयोग झाला.

पाणी आहे की नाही ते तव्यावर कळतं. जुना लोखंडी तवा चांगला तापवायचा आणि तेलाचा एक थेंब टाकायचा. कोरडं तेल नुसतं पसरतं आणि धुरतं. पाणी असेल तर तडतडतं. जनसेटचं तेल गप्प राहिलं. गॅरेजचं थोडं तडतडलं. बोटीच्या तेलाचा थेंब तव्यावरून उडून बाहेर पडला.

बोटीचं तेल दुधाळ तपकिरी होतं. बॅरल उभं ठेवलं, तळाशी पाणी उतरलं ते काढून घेतलं आणि कपड्यातून गाळून तव्यावर आटवलं. तव्यावर पांढरा चरचरीत थर राहिला. मीठ. बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, कुठेतरी गळतं आणि खारं पाणी तेलात येतं. तेल तापवून पाणी उडवता येईल, पण मीठ तेलातच राहील आणि पंपाच्या एलिमेंटवर, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यावर, जाऊन गंजवेल. बोटीचं तेल बाद. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे सगळ्यात सहज आणि फुकट मिळणारं तेल हेच आहे.

२६ नोव्हेंबर

गाळणीच्या पिशव्या आणल्या, २५, ५ आणि १ मायक्रॉनच्या. पिशवी टांगली, खाली बॅरल, वरून तेल ओतलं. रात्रभरात जेमतेम बादलीभर उतरलं. थंड जळकं ऑइल बारीक पिशवीतून जात नाही, पिशवीत साचून राहतं.

जे उतरलं तेही काळंच. पांढऱ्या टाइलवर बोटानं ओढलं तर आधीच्या तेलात आणि यात फरक दिसला नाही. काजळीचे कण एक मायक्रॉनपेक्षा कितीतरी बारीक असतात आणि नव्या ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली रसायनं त्यांना तरंगत ठेवतात, एकत्र बसू देत नाहीत. इंजिनासाठी ती सोय चांगली, आपल्यासाठी अडचणीची. पिशवीनं धातूचा चुरा, गॅस्केटचे तुकडे, सुतळी, वाळू एवढं अडवलं. ते अडणंही गरजेचं होतं, पण एवढ्यानं तेल पंपात घालण्याजोगं होत नाही.

५ डिसेंबर

जुनी डिझेलची टाकी भंगारातून आणून तिचं तळ उतरतं करून घेतलं. सगळ्यात खाली गाळाचा कॉक, चार बोटं वर तेलाचा कॉक. आत दोन किलोवॅटचा हीटर आणि थर्मोस्टॅट. टाकीखाली पत्र्याचा मोठा ट्रे, म्हणजे सांडलं तर दगडात जाणार नाही. वेल्डिंगसकट साडेसहा हजार लागले.

पहिल्या खेपेला टाकी दोनतृतीयांश भरली आणि तापवायला लावली. ऐंशीपर्यंत काही नाही. पंच्याण्णवच्या पुढे गेलं आणि तेलाला फेस यायला लागला. आधी कडेनं बारीक बुडबुडे, मग बघता बघता फेस तोंडापर्यंत. हीटर बंद केला तरी तेल वर येतच होतं, ट्रेमध्ये उतू गेलं. तळाशी साचलेलं पाणी एकदम उकळलं की असं होतं. उघडी जाळ लावून तापवत असतो तर तिथे आग लागली असती. लाकडं पेटवून बॅरल तापवायचा सल्ला मला मिळाला होता. तो कुणीही ऐकू नये.

आता पद्धत ठरली. आधी सत्तर अंशांवर दिवसभर ठेवायचं, रात्री हीटर बंद, हलवायचं नाही. सकाळी खालच्या कॉकमधून पाणी आणि गाळ काढायचा. ते पाणी गेल्यावरच तेल हळूहळू १०५ पर्यंत न्यायचं, झाकण उघडं ठेवून, फेस आला की हीटर बंद. मग तव्यावर थेंब. तव्यानं आवाज केला तर परत सगळं पहिल्यापासून.

हातात रबरी मोजे घालूनच हे करा. जळकं ऑइल कातडीला सतत लागत राहणं घातक आहे. गॅरेजमधली पोरं उघड्या हातानं कामं करतात ते बघून वाईट वाटतं. त्या दोन्ही गॅरेजांत कॅन आणायला गेलो तेव्हा मोज्यांचा खोका देऊन आलो.

१५ डिसेंबर

सेंट्रीफ्यूज मिळाला. भंगारात आलेल्या एका मोठ्या जनसेटच्या इंजिनावरचा, तेलाच्या दाबावर फिरणारा. आत एक भांडं असतं, त्याला खाली दोन बारीक तोट्या असतात. तेल दाबानं त्यांतून बाहेर पडतं आणि त्या धक्क्यानं भांडं गरगर फिरतं. घाण भांड्याच्या भिंतीला चिकटते. साडेचार हजारांना मिळाला. त्याला तेल दाबानं द्यायला गिअर पंप आणि एक एचपीची मोटर, जुनी, नऊ हजार.

तेल साठ अंशांच्या खाली असलं तर भांडं नीट वेग घेत नाही. सत्तर-ऐंशीला घेतं, आणि मग कान लावला की सलग शीळ ऐकू येते. ती शीळ उतरली की समजायचं, भांडं भरलं किंवा दाब पडला. टाकीतलं तेल रात्रभर याच्यातून फिरत ठेवलं. सकाळी भांडं उघडलं तर भिंतीवर बोटभर जाडीचा काळा लेप, सुकलेल्या काजळासारखा घट्ट, चाकूनं खरवडून काढावा लागला. इतकी घाण पिशव्यांनी कधीच धरली नव्हती.

तेल अजून काळंच आहे. पण बोटांत चोळलं तर किरकिर लागत नाही.

खरवडलेला लेप आणि टाकीतला गाळ झाकणाच्या डब्यात साठवतोय. तो कुठेही पुरायचा नाही.

२९ डिसेंबर

गाडीला दुसरी टाकी बसवली. इंजिन नेहमी डिझेलवर सुरू करायचं, गरम झालं की मिश्रणावर घ्यायचं आणि बंद करण्याआधी दहा मिनिटं परत डिझेलवर. असं केलं की थंड पंपात दाट तेल रात्रभर उभं राहत नाही.

इथे लाइन बदलणारा व्हॉल्व्ह घेताना बघून घ्या. फक्त येणारी लाइन बदलणारा साधा व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो. पण पंपातून जादा इंधन परत टाकीत येत असतं. परतीची लाइन बदलली नाही तर मिश्रण डिझेलच्या टाकीत परतत राहतं आणि दोन दिवसांत दोन्ही टाक्यांत एकच माल होतो. सहा तोंडांचा व्हॉल्व्ह घेतला, येणारी आणि परतणारी दोन्ही लाइन एकदम बदलतो. तीन हजार दोनशे.

मिश्रणाच्या लाइनला रेडिएटरच्या गरम पाण्याची नळी शेजारून बांधली आणि वरून काथ्या गुंडाळला. साधं काम आहे, पण मिश्रण पंपापाशी कोमट होऊन पोचतं.

प्रमाण ठरवताना एक हिशेब केला. डिझेलचा दाटपणा चाळीस अंशांना २ ते साडेचार सेंटिस्टोकच्या मध्ये असावा लागतो. १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइलचा शंभराच्या वर. पाचात एक भाग ऑइल घातलं तर मिश्रण पावणेपाचच्या आसपास येतं, निम्मंनिम्मं केलं तर अकराच्या पुढे. म्हणून एकास चार, यापुढे जायचं नाही. रोज तपासायला एका डब्याला खाली बारीक भोक पाडलंय. डब्याभर डिझेल किती सेकंदांत रिकामं होतं ते डब्यावर कोरलंय, मिश्रणाला त्याहून थोडेच जास्त सेकंद लागले पाहिजेत.

पेट्रोल घालून तेल पातळ करणारेही आहेत. मिश्रण पातळ होतं हे खरं, पण भडका लवकर घेतं आणि पंपातलं वंगण जातं. ते मी केलेलं नाही.

७ जानेवारी २०२५

सुरू केलं. सकाळी डिझेलवर गरम केली, मग व्हॉल्व्ह फिरवला. सपाटीवर काही फरक जाणवला नाही. ड्रायव्हरकाका या गाडीवर माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. त्यांनी एक भरलेली खेप वर आणली आणि म्हणाले, "दादानू, गाडी चढाक दम टाकता. पंपाक तेल पोचणा नाय."

त्यांचं बरोबर होतं. फीड पंपाला जरा दाट तेल ओढायला जोर लागतो, आणि तो जोर लागला की जुन्या वॉशरांतून, सैल क्लॅम्पांतून हवा शिरते. डिझेलवर कधी न जाणवलेली गळती इथे उघडी पडली. सगळे तांब्याचे वॉशर नवे टाकले, टाकीपासूनची नळी एक साइज मोठी केली. साधी रबरी नळी आतून फुगायला लागली होती, ती काढून तेलाला टिकणारी नायट्राइलची टाकली. हवा काढली. चढावर गाडी चालायला लागली.

समोरच्या बागेत हापूस मोहोरावर आहे. सकाळी गाडी गरम करायला लावायची जागा वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला नेली, धूर मोहोरावर नको.

२० जानेवारी

गाडीचा डिझेल फिल्टर चोंदला. पहिल्यांदा फिल्टर जुना असेल असं धरलं. नवा टाकला, तोही आठवड्याच्या आत चोंदला. उघडला तर कागदावर काळा चिकट थर.

सेंट्रीफ्यूजमधून काढलेलं तेल काचेच्या बरणीत ठेवलेलं होतं, त्याच्या तळाशी काही नव्हतं. दुसऱ्या बरणीत त्याच तेलाचं डिझेलबरोबरचं मिश्रण ठेवलं. चौथ्या दिवशी तळाशी काळा थर बसलेला दिसला. जळक्या ऑइलमध्ये जे तरंगत राहतं ते डिझेल मिसळल्यावर खाली बसतं. आम्ही तेल साफ करून गाडीच्या टाकीत मिसळत होतो आणि हे बसणं गाडीच्या फिल्टरमध्ये होत होतं.

क्रम उलटा केला. आधी तेल तापवून त्यातलं पाणी काढायचं. ते पूर्ण थंड झालं की त्यात डिझेल मिसळायचं. मिश्रण हीटरच्या टाकीत कधीच न्यायचं नाही, वेगळ्या झाकणाच्या टाकीत आठ-दहा दिवस न हलवता ठेवायचं. मग वरच्या कॉकमधून काढून एक मायक्रॉनच्या पिशवीतून गाळायचं. पातळ झाल्यामुळे थंडच पिशवीतून झरझर उतरतं. या बदलानंतर गाडीचा फिल्टर टिकायला लागला.

ज्याला दुसरं काही जमणार नसेल त्यानं एवढं तरी करावं. पण यात इंधन आठवडाभर अडकून राहतं, म्हणून टाक्या जास्त लागतात आणि जागाही लागते.

११ फेब्रुवारी

उभ्या ठेवलेल्या एका बॅरलमध्ये परत पाणी. पाऊस नाही, काही नाही. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा बुचातून बाहेर जाते. रात्री थंड होतं आणि दमट हवा, वर साचलेलं दव आत ओढून घेतं. आपल्याकडे पहाटेचं दव भरपूर. बॅरल आडवी केली, दोन्ही बुचं तेलाखाली राहतील अशी, आणि पत्र्याखाली नेली. तेव्हापासून पाणी नाही.

१८ मार्च

काका सकाळी म्हणाले, "आवाज बदललो. एक सिलिंडर मारणा नाय."

कानानं ओळखायला मला वेळ लागला. रिकाम्या गाडीला पांढरट धूर आणि ठोका, भरलेल्या गाडीला काळा धूर. सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतो तो नोझल. एकेका नोझलची लाइन ढिली करून बघितली. तिसऱ्याची ढिली केल्यावर इंजिनाला काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो सिलिंडर काम करतच नव्हता. पाचव्याचा थोडाच फरक.

सगळे नोझल काढले. टोकावर कार्बन जमून फुलासारखा बाहेर आला होता, भोकांच्या कडेनं राखाडी खर. ते घेऊन फोंडाघाटातून कोल्हापूरला पंपवाल्याकडे गेलो.

टेस्टरवर नोझल लावून तो हातानं दाब देतो. चांगला नोझल टरटर आवाज करत बारीक धुकं सोडतो. आमच्या तिसऱ्या नोझलनं एका बाजूला पिचकारी मारली आणि टोकाला थेंब लोंबत राहिला. त्यानं मला दोन्ही एकापाठोपाठ एक दाखवले, नवा आणि आमचा, आणि विचारलं, "काय घातलंयसा ह्यात?" मी सगळं सांगितलं. त्यानं पंपाचे एलिमेंट काढून उजेडात धरले. ओरखडे किरकोळ होते. मीठ नाही, पाणी नाही, वाळू नाही, त्यामुळे पंप वाचला असं त्याचं म्हणणं. नोझलची टोकं मात्र सहाही बदलली. टोकं, सेटिंग आणि मजुरी मिळून तेरा हजारांना थोडे कमी. गाडी या भानगडीत आठवडाभर उभी होती, त्या काळात माती काढायला भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागला.

२३ मार्च

कोल्हापूरहून परत आल्यावर एक साधी गोष्ट केली. सुरुवातीलाच करायला हवी अशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टीलच्या तीन लहान वाट्या घेतल्या. एकीत डिझेल, एकीत सेंट्रीफ्यूजमधून काढलेलं इंजिन ऑइल, एकीत जेसीबीचं निघालेलं हायड्रॉलिक ऑइल. प्रत्येकीत मोजून तेवढंच, आणि कापसाऐवजी स्टोव्हची काचतंतूची वात, म्हणजे वातीची राख मिसळणार नाही. मोकळ्या जागी, वाळूच्या घमेल्यात ठेवून पूर्ण जळू दिल्या.

डिझेलच्या वाटीत काजळीचा डाग राहिला. हायड्रॉलिकच्या वाटीत काळपट थर, पुसला तर कापडावर निघून आला. इंजिन ऑइलच्या वाटीत जाड काळा थर राहिला. तो गॅसच्या बर्नरवर लाल होईपर्यंत तापवल्यावर काळं गेलं आणि राखाडी पांढरी भुकटी मागे उरली. नोझलच्या टोकावरची खर हीच.

ही राख घाणीची नव्हे. नव्या ऑइलमध्येच कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस घातलेलं असतं, इंजिन स्वच्छ राहावं आणि झिजू नये म्हणून. ते तेलात विरघळलेलं असतं. पिशवी, टाकी, सेंट्रीफ्यूज, कशानंही ते निघत नाही. कितीही गाळलं तरी इंजिन ऑइल जाळलं की राख होणार, आणि ती नोझलवर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर बसणार. मी चार महिने गाळणी सुधारण्यात घातले, पण कोणत्या मशीनचं तेल आहे यालाच जास्त महत्त्व होतं.

हायड्रॉलिक ऑइल कधी जळणाऱ्या सिलिंडरजवळ जात नाही, त्यामुळे त्यात काजळी नाही. ४६ नंबरच्या तेलाचा दाटपणा चाळीस अंशांना नावाप्रमाणे ४६, इंजिन ऑइलच्या निम्म्याहून कमी. एकास चारनं डिझेलमध्ये घातलं तर मिश्रण साडेचारच्या आतच राहतं. राख अगदी थोडी. आणि आमच्याच मशीनचं असल्यामुळे त्यात काय आहे ते मला ठाऊक असतं.

२ एप्रिल

इंजिन ऑइल पूर्ण बंद. आता फक्त जेसीबीचं हायड्रॉलिक ऑइल, त्याच प्रमाणात, पाणी काढून, मिसळून, निवळून, गाळून. सेंट्रीफ्यूजच्या भांड्यात रात्रभरात नखाएवढाही थर बसत नाही.

गाडीचं स्वतःचं इंजिन ऑइल एकदा वेळेआधी बदलून घेतलं. न जळालेलं जड इंधन रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून गेजकाठी रोज बघायची.

६ मे

गाडी महिनाभर हायड्रॉलिकच्या मिश्रणावर आहे. आवाज साफ, धूर नेहमीइतका. काकांची तक्रार नाही, आणि त्यांचा कान मला टेस्टरइतकाच खात्रीचा वाटतो.

अडचण दुसरीच. एका बदलात जेसीबीतून अर्ध्या बॅरलच्या आसपास तेल निघतं. वर्षाचं सगळं मिळूनही गाडीच्या डिझेलच्या मानानं ते थोडंच. शेजारच्या खाणींचं आणता येईल, पण मग ते तेल कुठल्या मशीनचं आणि त्यात काय काय पडलंय ते परत शोधत बसावं लागेल.

२६ मे

२० तारखेपासून पाऊस लागलाय. काल मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीपेक्षा कितीतरी आधी. खाणीच्या तळात गुडघाभर पाणी आहे, मशीनं वर काढली. हंगाम संपला.

नोझल काढून बघितले. टोकांवर काळा पातळ थर आहे, कापडानं निघतो. राखाडी खर नाही.

हिशेब. इंजिन ऑइलच्या दिवसांत तीनशे लिटरच्या आसपास डिझेल वाचलं, म्हणजे साडेसत्तावीस हजारांचं. तेवढं ऑइल घेण्यात साडेदहा हजार गेले. नोझलचे तेरा, फिल्टर आणि पिशव्यांचे तीन, गाडीच्या जादा ऑइल बदलाचे साडेतीन, ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. टाकी, पंप, सेंट्रीफ्यूज, व्हॉल्व्ह, नळ्या धरल्या तर आणखी पंचवीस हजार. वीज आणि माझा वेळ यात धरलेलाच नाही. इंजिन ऑइलवर गाडी चालवण्यात पैसा सुटला नाही, उलट गेला. हायड्रॉलिकमध्ये थोडा सुटला, कारण तेल घरचं होतं आणि सामान आधीच उभं होतं.

१४ जून

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्यावर चालणाऱ्या एका पुनर्प्रक्रिया कारखान्याशी बोललो. दोन-तीन बॅरलांसाठी ते गाडी पाठवत नाहीत, म्हणून आजूबाजूच्या चार खाणी आणि कसालचं एक गॅरेज एकत्र केलं. सगळ्यांची बॅरलं आमच्या पत्र्याखाली आणून ठेवली. बोटीचं तेल, उरलेलं इंजिन ऑइल, टाकीतला गाळ आणि सेंट्रीफ्यूजचा लेप, सगळं वेगवेगळं, प्रत्येकावर खडूनं लिहून. गाळ आणि लेपाची नोंद त्यांनी निराळी केली. तेलाचा दर गॅरेजला मी दिलेल्या दरापेक्षा कमी मिळाला, पण वजन समोर केलं आणि मॅनिफेस्टची, म्हणजे माल कुठून कुठे गेला त्या नोंदीची, प्रत हातात दिली.

कारखान्यात या तेलातली रसायनं आणि काजळी काढून परत वंगणाचं तेल बनवतात. आम्ही टाकी आणि सेंट्रीफ्यूजवर जे करू शकत नव्हतो ते तिथे होतं. पुढच्या हंगामात टाटा निव्वळ डिझेलवर चालेल आणि खाणीचं सगळं तेल, हायड्रॉलिकसकट, या गाडीनं जाईल. बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीशीही बोलणं सुरू केलंय, कारण बोटींचं तेल सगळ्यात जास्त आणि ते थेट पाण्याकाठी साठलेलं असतं. पुढची गाडी सप्टेंबरात बोलावली आहे. मालवण-कुडाळ पट्ट्यात कुणाकडे बॅरल असेल तर तोवर ते आडवं करून पत्र्याखाली ठेवा, त्यात पेट्रोल आणि कुलंट ओतू नका आणि आमच्या खाणीवर निरोप द्या.